घरच्या संगणकासाठी अँटिव्हायरस कोणते? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात नवा संगणक घेताना काय पाहावे याविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत अँटिव्हायरसचाच प्रश्न होता, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावांऐवजी केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न (रावेर) : केळीच्या बागेचा हिशेब, मुलीचा अभ्यास आणि सातबारा, पीकविमा यांची कागदपत्रे यांसाठी आम्ही जळगावहून विंडोज ११ असलेला लॅपटॉप आणला. दुकानदाराने तीन वर्षांचे अँटिव्हायरस बिलात धरले होते. पुण्यात नोकरीला असलेला पुतण्या म्हणाला की त्याची गरज नाही, म्हणून मी ते काढायला लावले. त्यावर दुकानदार म्हणाला, ‘भाऊ, महिन्याभरात परत याल.’ कोणाचे ऐकावे?

उत्तर : पुतण्याचे ऐकावे, मात्र दोन अटी पाळून.

विंडोजमध्ये २०१२ सालच्या आठव्या आवृत्तीपासून अँटिव्हायरस अंगभूतच येते. आज त्याचे नाव मायक्रोसॉफ्ट डिफेंडर असे आहे. ते वेगळे विकत घ्यावे लागत नाही, त्याची मुदत संपत नाही आणि लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केल्यापासून ते काम करत असते. दुकानदारांच्या मनात अजून पंधरा वर्षांपूर्वीचा काळ आहे. त्या काळी अंगभूत संरक्षण खरोखरच तोकडे होते आणि नव्या संगणकासोबत अँटिव्हायरसची डबी घेणे शहाणपणाचे होते. आता परिस्थिती बदलली आहे. जर्मनीतील माग्डेबुर्ग येथील एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, संगणकाच्या वेगावरील परिणाम आणि वापरातील सुलभता या तीन बाबींना प्रत्येकी ६ याप्रमाणे एकूण १८ गुण देते. अलीकडच्या वर्षांत डिफेंडरला त्यांत पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गुण मिळत आले आहेत.

पहिली अट इंटरनेटची. अँटिव्हायरस एखादी फाइल दोन प्रकारे ओळखते. आधी सापडलेल्या विषाणूंच्या खुणांची यादी संगणकातच साठवलेली असते, तिच्याशी फाइल ताडून पाहिली जाते. त्या यादीत नसलेल्या अनोळखी फाइलबाबत कंपनीच्या सर्व्हरला विचारणा होते आणि काही क्षणांत उत्तर येते. डिफेंडरचा भर या दुसऱ्या मार्गावर बराच आहे. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज ही संस्था इंटरनेट जोडून आणि तोडून अशा दोन्ही स्थितींत चाचण्या घेते. इंटरनेट जोडलेले असताना डिफेंडर उत्तम ठरतो, तोडलेले असताना मात्र तो बिटडिफेंडरसारख्या काही प्रतिस्पर्ध्यांच्या मागे पडतो. शहरातील वापरकर्त्याला हा फरक जाणवणारही नाही. आपला लॅपटॉप मात्र शेतातल्या खोलीत राहत असेल, मोबाइलचा हॉटस्पॉट आठवड्यातून एखाद्या वेळी जोडला जात असेल आणि मधल्या काळात पाच जणांचे पेन ड्राइव्ह त्याला लागत असतील, तर स्वतःच्या खुणांच्या यादीवर अधिक विसंबणारे चांगले सशुल्क अँटिव्हायरस घेण्यास सबळ कारण आहे. अशा घरी मी दुकानदाराच्या बाजूने मत देईन.

दुसरी अट अशी की विंडोजची अद्ययावतने कोणत्याही कारणाने बंद ठेवू नयेत. नेटचा पॅक संपतो म्हणून अपडेट बंद करून देणारे तंत्रज्ञ आपल्याकडे गावोगावी आहेत आणि हा उपकार पुढे महागात पडतो. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या, विषाणूने जगभरातील संगणक ठप्प केले. विंडोजमधील ज्या छिद्रातून, म्हणजे सुरक्षेतील त्रुटीतून, तो शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याआधी जवळपास दोन महिने, मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते घेतले होते, त्यांच्या संगणकावर कोणत्या कंपनीचे अँटिव्हायरस आहे हा प्रश्नच त्या वेळी गौण ठरला.

आपल्याकडे डिफेंडर सुरू आहे की नाही हे आजच पाहावे. स्टार्टमध्ये जाऊन ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडावे. तेथील ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या ढालीवर हिरवी खूण असली पाहिजे. आत गेल्यावर सेटिंग्जमध्ये ‘रिअल-टाइम’ आणि ‘क्लाउड’ या दोन्ही संरक्षणांची बटणे चालू असावीत. कित्येक नव्या लॅपटॉपवर कंपनीनेच एखाद्या अँटिव्हायरसची थोड्या दिवसांची चाचणी आवृत्ती घालून दिलेली असते आणि तिच्यामुळे डिफेंडर आपोआप बाजूला होतो. त्या ठिकाणी दुसऱ्याच कंपनीचे नाव दिसले, तर मुदत संपण्याची वाट न पाहता ती आवृत्ती काढून टाकावी, संगणक पुन्हा सुरू करावा आणि ढाल पुन्हा पाहावी. सगळे खरोखर काम करते का याची खात्री करायची असेल, तर आयकार या युरोपीय संस्थेची ६८ अक्षरांची चाचणी फाइल तिच्या संकेतस्थळावरून उतरवून पाहावी. ती पूर्णपणे निरुपद्रवी आहे, पण प्रत्येक प्रामाणिक अँटिव्हायरस तिला विषाणू समजून अडवते. ती निमूटपणे उतरली, तर पहारेकरी झोपला आहे असे समजावे.

विकत घ्यायचेच ठरले, तर डबीवरील वैशिष्ट्यांची यादी वाचण्यात वेळ घालवू नये. व्हीपीएन (इंटरनेटवरील आपली ओळख झाकणारी सोय), रजिस्ट्री म्हणजे विंडोजची अंतर्गत नोंदवही साफ करणारे साधन, संगणक ‘बूस्ट’ करणारे बटण, या गोष्टींसाठी पैसे मोजण्याचे कारण नाही आणि रजिस्ट्री साफ करून संगणक वेगवान होतो ही तर निव्वळ समजूत आहे. त्याऐवजी परवाना किती संगणकांसाठी आहे, मुदत खरेदीपासून मोजतात की सक्रिय केल्यापासून, ऑनलाइन घेतल्यास पुढील वर्षीचे पैसे आपोआप कापले जातात का आणि अडचण आली तर मराठीत किंवा हिंदीत फोनवर बोलणारे कोणी आहे का, हे विचारावे. फोनवरील मदतीच्या बाबतीत भारतीय कंपन्या उजव्या ठरतात. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात करून कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी उभी केलेली क्विक हील किंवा चेन्नईची के-सेव्हन ही त्यांची उदाहरणे आहेत. मात्र आपल्या लॅपटॉपवर ते जड पडते का, हे चाचणी आवृत्ती वापरल्याशिवाय कळणार नाही. ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असलेल्या यंत्रावर काही अँटिव्हायरसमुळे एक्सेलची साधी फाइल उघडायलाही ताटकळावे लागते. या बाबतीत डिफेंडरही फार हलका नाही, हेही सांगितले पाहिजे.

प्रश्न (धुळे) : सुरक्षा दुप्पट व्हावी म्हणून मी दोन मोफत अँटिव्हायरस टाकली आहेत, पण संगणक फारच मंद झाला आहे. मोफत घेणे चुकीचे आहे का? आणि कॅस्परस्कीवर बंदी आली आहे, असे ऐकले ते खरे का?

उत्तर : दोन अँटिव्हायरस एका वेळी कधीही ठेवू नयेत. दोघांनाही प्रत्येक फाइल उघडण्याआधी तपासायची असते, त्यामुळे एकाच फाइलवर दोघांची झटापट होते आणि कधी कधी एक दुसऱ्याच्याच साठवणीला विषाणू ठरवते. दोन्ही काढून टाकावीत. संगणक पुन्हा सुरू केल्यावर डिफेंडर स्वतःहून कामाला लागेल.

मोफत असणे हा दोष नाही. डिफेंडरही मोफतच आहे. पण मोफत देणाऱ्या कंपनीची मिळकत कोठून होते, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. अवास्ट या प्रसिद्ध कंपनीने आपल्या वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकली होती. ते उघडकीस आल्यावर २०२० च्या आरंभी ती उपकंपनी बंद करण्यात आली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. अवास्ट, एव्हीजी, अविरा आणि नॉर्टन ही चारही नावे आज जेन डिजिटल या एकाच कंपनीच्या मालकीची आहेत, हेही निवड करताना ध्यानात असावे. सगळी मोफत अँटिव्हायरस अशीच असतात असे मी म्हणत नाही, परंतु विंडोजमध्ये तितकेच चांगले संरक्षण असताना त्यांच्या वाटेला जाण्याचे प्रयोजन मला तरी दिसत नाही.

कॅस्परस्की या रशियन कंपनीच्या अँटिव्हायरसवरील बंदी अमेरिकेतील आहे. तेथे २० जुलै २०२४ पासून नवी विक्री आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून अद्ययावतने थांबवण्यात आली. रशियन सरकार कंपनीवर दबाव आणू शकेल, ही त्यामागील भीती होती. चाचण्यांत हे उत्पादन कायम वरच्या क्रमांकांत राहिले आहे, त्यामुळे बंदीचा संबंध त्याच्या गुणवत्तेशी नाही. अँटिव्हायरस संगणकातील प्रत्येक फाइल वाचू शकते, म्हणून ते कोणावर विश्वास ठेवून घ्यायचे हा प्रत्येकाने स्वतः ठरवायचा प्रश्न आहे.

प्रश्न (अमळनेर) : माझे कृषी सेवा केंद्र आहे. दिवसभराची बिले मी रात्री घरी टॅलीत भरतो. घरच्या संगणकात विंडोज १० आहे आणि तो विंडोज ११ घेत नाही. ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या सगळ्या फाइली कुलूपबंद झाल्या आणि पैशांची मागणी आली. कोणते अँटिव्हायरस घेतले म्हणजे असे होणार नाही?

उत्तर : असे होणारच नाही, याची हमी एकही अँटिव्हायरस देऊ शकत नाही. ज्या डबीवर तशी हमी छापलेली असेल, ती दुकानातच ठेवावी.

आधी विंडोजचे पाहू. विंडोज १० चा नियमित आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. डिफेंडरला विषाणूंच्या नव्या खुणा ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहतील असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे आणि त्यामुळे अनेकांचा समज झाला आहे की काळजीचे कारण नाही. पण खुणा मिळणे वेगळे आणि विंडोजमधील छिद्रे बुजवली जाणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीसाठी वाढीव सुरक्षा अद्ययावतनांची योजना आहे. घरगुती वापरकर्त्यांसाठी तिची जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ही आहे आणि संगणकाच्या सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडून ठेवल्यास तिचे शुल्क पडत नाही. ‘विंडोज अपडेट’च्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती असल्याशिवाय तो दिसणार नाही. नोंदणी करून घ्यावी आणि मिळालेल्या अवधीत नव्या यंत्राची तजवीज करावी. विंडोज ७ वापरणाऱ्यांचीही दोन पत्रे आहेत. त्या आवृत्तीचा आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला असल्याने तिच्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत, एवढेच सांगतो.

आता टॅली. डिफेंडरमध्ये ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’च्या खाली ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ नावाची एक सोय आहे. ती मुळात बंद असते, त्यामुळे फारशी कोणाला माहीत नाही. ती सुरू केल्यास अनोळखी प्रोग्रामला ठरावीक फोल्डरमधील फाइली बदलता येत नाहीत. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारखे फोल्डर तिच्या यादीत आधीपासून असतात, टॅलीचा डेटा असलेला फोल्डर मात्र आपण स्वतः त्यात घालावा लागतो. टॅलीच्या कंपनी निवडण्याच्या पडद्यावर डेटा कोठे आहे तो मार्ग लिहिलेला असतो, तोच फोल्डर निवडावा. त्यानंतर बिल साठवताना टॅलीलाच अडवले गेले, तर घाबरून ही सोय बंद करू नये. तेथेच ‘अलाउ अ‍ॅन अ‍ॅप’मध्ये जाऊन टॅलीला परवानगी द्यावी. दुसरे सशुल्क अँटिव्हायरस टाकले की ही सोय चालत नाही. अशा वेळी त्या अँटिव्हायरसमध्ये अशीच व्यवस्था आहे का, ते घेण्यापूर्वी विचारावे.

याहून मोठा उपाय बॅकअपचा आहे. दोन बाह्य डिस्क ठेवाव्यात, एका आठवड्यात एकीवर आणि पुढच्या आठवड्यात दुसरीवर टॅलीचा बॅकअप घ्यावा आणि काम होताच डिस्कची वायर काढून ती कपाटात ठेवावी. संगणकाला कायम जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर विषाणू त्याच झटक्यात कुलूपबंद करतो. शिवाय खरिपाच्या धामधुमीपूर्वी एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा, कारण कित्येकांचा बॅकअप गरजेच्या दिवशी उघडत नाही.

आणि एक प्रश्न मी विचारतो, त्याचे उत्तर मला पाठवू नका. टॅली आणि विंडोज या दोन्ही प्रती अस्सल आहेत ना? घरगुती संगणकांवर पसरणाऱ्या खंडणीखोर विषाणूंत स्टॉप-डीजेव्हीयू हे कुळ फार मोठे आहे आणि ते मुख्यत्वे ‘क्रॅक’ केलेल्या सॉफ्टवेअरबरोबरच येते. ‘हे चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना ज्या फाइलसोबत येते, ती चालवणाऱ्याला कोणतेही अँटिव्हायरस वाचवू शकत नाही. आपल्या त्या व्यापारी मित्रांना मात्र कळवावे की पैसे भरण्याआधी ‘नो मोअर रॅन्सम’ हे संकेतस्थळ पाहावे. २०१६ साली युरोपोल आणि नेदरलँड्सचे पोलीस यांच्या पुढाकाराने ते सुरू झाले असून अनेक विषाणूंच्या किल्ल्या तेथे मोफत मिळतात. सगळ्यांच्या मिळत नाहीत, पण पाहण्यास खर्च नाही.

प्रश्न (शहादा) : प्रवेशाचे अर्ज आणि जातपडताळणीची कागदपत्रे छापण्यासाठी झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह दिला. घरी आल्यावर सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झाले होते. कागदपत्रे गेली का?

उत्तर : बहुधा गेलेली नाहीत. हा विषाणू मूळ फोल्डर पुसत नाही. तो त्यांना लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट मांडून ठेवतो. चिन्हाच्या डाव्या कोपऱ्यात लहान वाकडा बाण दिसतो, तीच खूण. शॉर्टकटवर टिचकी दिली की आधी विषाणू चालतो आणि मग मूळ फोल्डरही उघडतो, त्यामुळे कोणाला संशय येत नाही.

शॉर्टकटला हात लावू नये. पेन ड्राइव्हच्या चिन्हावर उजवी टिचकी देऊन प्रथम स्कॅन करावे. मग फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधून लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय निवडावा आणि ‘फोल्डर ऑप्शन्स’मध्ये ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ यासमोरील खूण काढावी. विंडोज एक इशारा देईल, त्याला होकार द्यावा. मूळ फोल्डर फिकट रंगात दिसू लागतील. त्यांतील आपली कागदपत्रे, म्हणजे पीडीएफ आणि फोटो तेवढेच, संगणकात उतरवून घ्यावीत, पेन ड्राइव्ह फॉरमॅट करावा आणि काढलेली खूण परत घालावी. शेवटी संपूर्ण संगणकाचे ‘फुल स्कॅन’ करावे. तरीही पेन ड्राइव्हवर शॉर्टकट पुन्हा उगवले, तर ‘डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ हा पर्याय निवडावा. त्यात संगणक बंद होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, म्हणून लपून बसलेला विषाणूही सापडतो. साधारण पंधरा मिनिटे लागतात. मध्ये वीज गेली तर पंचाईत नको, म्हणून लॅपटॉप पूर्ण चार्ज करून घ्यावा.

दुकानाला दोष देण्यात अर्थ नाही, तेथे दिवसभरात किती पेन ड्राइव्ह लागतात ते आपण पाहतोच. पुढच्या वेळी कागदपत्र मोबाइलवरून ई-मेलने पाठवावे किंवा छपाईसाठी वेगळा, रिकामा पेन ड्राइव्ह ठेवावा आणि छपाई झाल्यावर आपले आधार कार्ड दुकानाच्या संगणकातून पुसायला सांगावे.

प्रश्न (भुसावळ) : वडील रेल्वेतून निवृत्त झाले आहेत. त्यांच्या संगणकावर उजव्या कोपऱ्यात सारखा संदेश येतो की ‘आपल्या अँटिव्हायरसची मुदत संपली, पाच विषाणू सापडले, त्वरित नूतनीकरण करा’. आम्ही ते अँटिव्हायरस कधी घेतलेच नव्हते.

उत्तर : घेतलेच नव्हते, तर मुदत कशी संपेल? हा संदेश नीट पाहावा. मथळ्याखाली बारीक अक्षरांत क्रोमचे नाव आणि कुठल्यातरी अनोळखी संकेतस्थळाचा पत्ता दिसेल. म्हणजेच हा संदेश अँटिव्हायरसचा नसून त्या संकेतस्थळाचा आहे. क्रिकेटचा सामना किंवा जुना चित्रपट पाहताना ‘अलाउ’ दाबण्याचा आग्रह झाला असेल आणि ते दाबले गेले असेल. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’ आणि त्यात ‘नोटिफिकेशन्स’ उघडावे. परवानगी दिलेल्या यादीतील सगळी अनोळखी नावे काढून टाकली की संदेश तत्काळ थांबतात. यासाठी पैसे लागत नाहीत आणि अँटिव्हायरसही लागत नाही.

काळजीचा भाग वेगळा आहे. अशा संदेशातून उघडणाऱ्या पानावर कधी कधी फोन क्रमांक असतो आणि तो लावला की गोड बोलून एनीडेस्कसारखे, दुरून आपला संगणक हाताळू देणारे सॉफ्टवेअर टाकायला लावतात. वडिलांना रागावून न विचारता एवढेच विचारून घ्यावे की त्यांनी असा फोन केला होता का, कारण रागावल्यावर माणूस लपवतो. केला असेल, तर इंटरनेट तोडावे, ते सॉफ्टवेअर काढावे, बँकेला कळवून खात्याचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

प्रश्न (नंदुरबार) : संगणकाचे समजले. मोबाइलमध्येही अँटिव्हायरस घालावे का?

उत्तर : अँड्रॉइडमध्ये गुगलचे प्ले प्रोटेक्ट असते. प्ले स्टोअर उघडून आपल्या चित्रावर टिचकी दिली की ते दिसते, ते चालू आहे एवढे पाहावे. मोबाइलमध्ये धोका येतो तो मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅपवरून. लग्नपत्रिका, पीएम-किसानचा हप्ता किंवा वाहनाचा दंड अशा नावाने आलेल्या फाइलच्या शेवटी ‘एपीके’ अशी तीन अक्षरे असतील, तर ते कागदपत्र नसून प्रोग्राम आहे. तो टाकल्यास आपले एसएमएस आणि त्यांतील ओटीपी परक्या हाती जाऊ शकतात. पत्रिका पाठवणारा खरोखर नातेवाईक असला, तरी त्याचे खाते दुसऱ्याच्या ताब्यात गेलेले असू शकते. त्याला फोन करून विचारावे. आणि मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’ उघडून व्हॉट्सअ‍ॅप आणि क्रोम या दोघांसमोरील परवानगी बंद करून ठेवावी.